मंगळवारच्या बाजारास, मुक्काम चिंचेखाली

कायदेमंडळातल्या बाकावर लागते तशी झोप आपल्याला दुसरीकडं कुठंच लागली न्हाय, असं आबा भर बाजारात सांगायचे, आणि ज्यांनी मतं देऊन त्यांना तिथं पाठवलं होतं ती माणसं कौतुकानं माना डोलवायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मला वाटे. मी तेव्हा बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात शाळामास्तर होतो, शाळेच्याच ओसरीवर पोस्टाचंही काम बघत होतो, आणि पुण्याच्या पेठेत वाढल्यामुळं जगात प्रत्येक गोष्टीला एक नियम असतो अशी माझी पक्की समजूत होती. आबांच्या शेजारी राहून ती समजूत टिकवणं म्हणजे रोजची कसरत होती.

आबा आमच्या भागातून निवडून गेलेले मेंबर. उंच, किंचित वाकलेले, फेटा नेहमी एका कानावर उतरलेला आणि डोळे अर्धे मिटलेले. बोलायला लागले की नुकतेच कुठल्यातरी लांबच्या गावाहून चालत आल्यासारखे, एकेक शब्द खाली ठेवत बोलायचे. त्यांना मेंबर केलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. या थोरल्यांना सारं गाव तात्या म्हणे. गावचा कारभार त्यांच्या मुठीत होता, लोकल बोर्डात त्यांचं वजन होतं, आणि कालव्याच्या पाण्यासाठी मुंबईत घरचा माणूस असावा असं त्यांच्या मनात होतं. स्वतः उभे राहिले असते, पण त्यांनी आयुष्यभर इतकी माणसं दुखावली होती की मतं पडली नसती. धाकट्यानं कुणालाच दुखावलं नव्हतं, कारण कुठलंही भांडण शेवटपर्यंत ऐकायच्या आधी त्याचे डोळे मिटायचे. तात्यांनी हिशेब केला की माणूस आपला, शब्द आपला. तिथंच ते फसले.

मुंबईत पहिल्या दिवशी आबांनी सभागृहाच्या दाराशी वहाणा काढल्या आणि अनवाणी आत गेले. चपराशी वहाणा हातात घेऊन मागं धावला. आबा त्याला म्हणाले, "बाबा, हितं कायदा व्हतोय न्हवं? मग पायताण घालून कसं बसू?" बाकीची मंडळी बूट घालून बसली होती. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, पण बूट काही कुणी काढले नाहीत. आबा मात्र शेवटपर्यंत अनवाणीच बसले. फरशी गार असते, पाय गार झाले की झोप चांगली लागते, हा त्यांचा आणखी एक मुद्दा.

एकही भाषण त्यांनी केलं नाही. इंग्रजी येत नव्हतं. साताऱ्याकडचे एक मेंबर शेजारी बसत, ते कानात मराठीत सांगत. जे समजलं तेवढंच आबा धरून ठेवत. "समजलं न्हाय ते मी लिवत न्हाय," असं ते मला म्हणाले होते. पण हे लिहिण्याचं प्रकरण मी आधी सांगायला हवं.

पहिलं कार्ड आलं ते मला अजून दिसतं. मोडीत, बारीक अक्षरात, समासातूनही वळसे घेत गेलेलं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, ‘मंगळवारच्या बाजारास.’ खाली गावाचं नाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. पत्र माणसाला येतं, फार तर एखाद्या पेढीला येतं. बाजाराला पत्र आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लाल शाईनं ‘मालक सापडत नाही’ असा शेरा मारला, ठसठशीत शिक्का उमटवला आणि कार्ड परत पाठवून दिलं. काही दिवसांनी तेच कार्ड पुन्हा माझ्यासमोर. शेऱ्याखाली आबांनी लिहिलं होतं, ‘सापडेल. चिंचेखाली बघावे. पानवाल्याच्या डावीकडे.’

मी चिडूनच गेलो. मंगळवारी आमच्या गावाला आजूबाजूच्या वाड्यांची माणसं बाजाराला यायची. वांगी, कांदा, गुळाच्या ढेपा, शेळ्या, घोंगड्या. ओढ्याकाठच्या मोठ्या चिंचेखाली सावली धरून बसलेल्या माणसांत मी उभा राहिलो आणि कार्ड वाचलं. वाचलं ते एवढ्याचसाठी, की एकदा वाचून टाकलं म्हणजे सुटलो.

आधी कायद्याची खबर होती. ‘दारू बंद करण्याचा विचार चालला आहे. तेव्हा पिणाऱ्यांनी आतापासून थोडी थोडी कमी करावी, म्हणजे एकदम जड जाणार नाही.’ त्याखाली रेघ ओढून लिहिलं होतं, ‘गावची खबर.’ मला वाटलं गावची चौकशी केली असेल. छे. मुंबईत बसून हा माणूस गावाला गावाचीच बातमी सांगत होता. ‘सोमवारी पाटाला पाणी सुटले असेल. पानवाल्याच्या तांबड्या गाईला कालवड झाली असेल. कुंभाराच्या थोरलीला पाहुणे बघून गेले असतील आणि मुलगी पसंत असेल.’

मी थांबलो. कुणी हसेल असं मला वाटत होतं. पानवाला गंभीरपणे म्हणाला, "झालं. पर कालवड न्हाय, खोंड झाला." कुंभार म्हणाला, "पाहुणं आलंच न्हाईत अजून. लिवा त्यास्नी, न्हाय झालं म्हणून." मग एकेक जण आपापली दुरुस्ती सांगू लागला, आणि मी मास्तर माणूस, शाळेतल्या दौतीसकट तिथं बसून ‘झालं’ आणि ‘न्हाय झालं’ असं लिहीत राहिलो. ते उत्तर मुंबईला गेलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा कार्ड. पत्ता आता पुरता झाला होता, ‘मंगळवारच्या बाजारास, मुक्काम चिंचेखाली.’ त्यानंतर तो पत्ता मी नियमात बसवून घेतला. नियम वाकला की मी वाकलो, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

त्या कार्डांची एक गंमत होती. आमच्याकडच्या एका पैलवानाला जत्रेत वाईट हार खावी लागली होती. आबांच्या कार्डात आलं, ‘आपल्या गड्याने जत्रेत कुस्ती मारली असेल आणि फेटा उडवला असेल.’ पैलवान समोरच बसला होता. मी लेखणी उचलली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मास्तर, ऱ्हाऊ द्या की." बाजारानं त्याच्याकडं पाहिलं, आणि कुणी ‘न्हाय झालं’ म्हटलं नाही. मी ‘झालं’ लिहिलं. पुढच्या जत्रेत तो खरंच जिंकला. तो जिंकला त्यात आबांचा काही हात नव्हता, पण बाजाराला ते कोण पटवून देणार?

दुसऱ्या एका कार्डात होतं, ‘चारीची फुटकी मोरी एव्हाना बांधून झाली असेल. चार शहाणी माणसे आहेत तिथे.’ पाटाचं पाणी शेतात नेणाऱ्या चारीवरची ही मोरी वर्षभर फुटकी होती आणि त्यावरून दोन वाड्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या दिवशी चिंचेखाली कार्ड वाचून झालं. मग दोन्हीकडची माणसं उठली, एकमेकांकडं न बघता गेली आणि दोन दिवसांत दगड-चुन्याची मोरी उभी राहिली. आबा सुट्टीत गावी आले तेव्हा मी त्यांना तोंडावर विचारलं, "आबा, तुम्ही हे खोटं का लिहिता?"

"खोटं न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "जरा आधी लिवतो."

गावी आले की ते रोज दुपारी कालव्याच्या बांधावरून चालायला जायचे आणि शाळा सुटली की मलाही ओढायचे. दोन्हीकडं ऊस, पाणी कसलाही आवाज न करता चाललेलं, लांब कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं आणि त्या वासानं सगळी हवा जड झालेली. अशा वेळी आबांच्या शेजारून चालताना मला माझं वय, पगार, पुणं, सगळं विसरायला होई. एकदा ते मधेच थांबून म्हणाले, "मास्तर, सभेत कुणी लांबलचक इंग्रजी बोलाया लागलं की मी डोळं मिटतो. मला हा पाट दिसतो. कोण कुठं काय करतंय समदं दिसतं. तेच लिवतो." मग चालू लागले. पुन्हा म्हणाले, "कायदा म्हंजी पाटाचं पाणीच की. वरनं सुटतं. पर चारी उकरली न्हाय तर शेतात कसं येणार? म्हणून हे कार्ड."

चारी उकरायची त्यांची रीत न्यारी होती. गावी असले की मंगळवारी स्वतः चिंचेखाली बसायचे, कायदा सांगायचे, आणि सांगून झाला की एखाद्याकडं बोट दाखवायचे. "आता तू परत सांग." त्या माणसाला स्वतःच्या शब्दांत तो कायदा सांगावा लागे. चुकला तर आबा रागवत नसत. "परत," एवढंच म्हणत. पाच माणसांनी परत सांगितल्याशिवाय त्यांच्या लेखी कायदा झालाच नव्हता, मग मुंबईत किती का हात वर झाले असेनात. या खेळात सगळ्यात ढ म्हणून प्रसिद्ध होता धोंडीबा. तो तात्या आणि आबांच्या घरची कालव्यालगतची जमीन कुळानं करायचा. त्याच्या बापानं ती काट्याकुट्यातून मोकळी केली होती, आणि धोंडीबाचं सगळं आयुष्य त्याच मातीत गेलं होतं. सगळ्यांच्या मागं गुडघ्यांना हात बांधून बसायचा. पहिल्या खेपेला हमखास चुकायचा, दुसऱ्या खेपेला असं काही बरोबर सांगायचा की मला पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांची कीव यायची.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही जीभ जड होते.

आमच्या बाजूला ऊस वाढत चालला होता, नवे कारखाने उभे राहत होते, आणि कालव्यालगतच्या जमिनीला एकदम भाव आला होता. तात्यांना ती जमीन कुळाकडून सोडवून घेऊन स्वतः ऊस लावायचा होता. धोंडीबाला याची कुणकुण नव्हती. अशात एका सोमवारी बारामतीहून सर्व्हिस मोटारीनं टपालाची पिशवी आली आणि तिच्यात आबांचं कार्ड निघालं. कार्ड उघडंच असतं, त्यामुळं शिक्का मारता मारता मी वाचलं.

‘कुळांचा कायदा झाला आहे. जो माणूस पुष्कळ वर्षे एकच जमीन कसत आला आहे त्याला मालकाच्या मर्जीने उठवता येणार नाही. तेव्हा कोणी मालक जमीन सोडल्याचा कागद घेऊन आला तर अंगठा देऊ नये. मालक आमच्या घरातला असला तरी देऊ नये.’

संध्याकाळी तात्या शाळेच्या ओसरीवर आले. त्यांना कसं कळलं कोण जाणे. मुंबईत त्यांचीही माणसं होती. खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही, खांबाला टेकून उभे राहिले. मला धाक घालतील असं वाटलं होतं, पण आवाज अगदी मऊ होता.

"मास्तर, आबाचं कार्ड आलंय म्हणं."

"आलंय."

"पत्ता तरी धड हाय का त्येच्यावर? तुमीच पयल्यांदा परत धाडलं हुतं न्हवं?"

मी शिक्क्याची पेटी बंद केली.

"फाडा असं म्हणत न्हाय मी. एक बाजार जाऊ द्या. फुडल्या मंगळवारी वाचा की खुशाल." मग जायला वळून, सहज आठवल्यासारखं, "तुमच्या बदलीचा अर्ज बोर्डात पडलाय न्हवं? बारामतीच्या शाळंत एक जागा निघतीय. बघतो मी."

माझी बायको तेव्हा बारामतीला माहेरी होती. आमचं पहिलं मूल पंधरा दिवसांचं होतं, आणि मी त्याला एकदाच, तेही झोपलेलं पाहिलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी तीच सबब स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितली. नियमाप्रमाणे पत्ता अपुराच होता. पहिल्या दिवशी बरोबर असलेला माझा नियम माझ्याच उपयोगी पडत होता. मी कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली माणसं वाट पाहत होती. "आबाचं कार्ड?" पानवाल्यानं विचारलं. "आलं नाही," मी म्हणालो. तो म्हणाला, "येईल," आणि मला पान दिलं. मी ते खाल्लं.

बुधवारी तात्यांचा माणूस माझ्याकडं आला. एक कागद लिहून हवा होता, मोडी अक्षर चांगलं पाहिजे. धोंडीबा राजीखुशीनं जमीन सोडतो आहे, असा. मी नाही म्हणालो. ताठ मानेनं नाही म्हणालो आणि घरी जाऊन स्वतःला भला माणूस समजलो. कागद दुसऱ्या कुणी लिहिला, आणि त्याच दुपारी धोंडीबानं त्यावर अंगठा दिला. कागद पुढच्या गुरुवारी इंदापूरला मामलेदाराच्या कचेरीत दाखल व्हायचा होता.

त्याआधीच्या मंगळवारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आबा गावात हजर झाले. सभेला सुट्टी पडली होती. दौंडहून बारामतीला येणाऱ्या छोट्या गाडीनं आणि तिथून बैलगाडीनं रमतगमत आले ते घरी न जाता थेट चिंचेखाली. फेटा पुरता उतरलेला, डोळे जवळजवळ मिटलेले. बाजारानं त्यांना जागा करून दिली. तात्याही आले आणि गर्दीच्या कडेला उभे राहिले. मी शाळेला मधली सुट्टी देऊन गेलो होतो. कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं. पुढच्या मंगळवारी वाचा असं तात्याच म्हणाले होते. त्यात काही गैर नाही, अशी मी मनाची समजूत घालून निघालो होतो.

आबा म्हणाले, "मागल्या कार्डातला कायदा कोण परत सांगतो?"

आबांनी बोट दाखवलं. "धोंडीबा, तू सांग. तुझ्याच कामाचा हुता."

धोंडीबा मागून उठला. "मला कुणी सांगितलाच न्हाय, आबा. मागलं कार्डच आलं न्हाय."

"बरं."

"आणि मी जमीन सोडली," धोंडीबा म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, गावची खबर सांगावी तसं. "बुधवारी अंगठा दिला. तात्या म्हणलं, घरला पायजे जमीन. मालक म्हणल्यावर काय करायचं?"

आबांचे डोळे पूर्ण उघडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. करड्या रंगाचे होते. ते तात्यांकडं वळले, पण काही बोलायच्या आतच तात्या म्हणाले, "राजीखुशीनं दिलाय त्यानं. जबरदस्ती न्हाय केली कुणी. कायदा झाल्याचं हितं कुणालाच ठावं न्हवतं, मलाबी न्हाय. कार्ड आलं न्हाय त्याला कुणी काय करावं?"

मग आबांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, न्हाय आलं व्हय कार्ड?"

त्या विचारण्यात संशयाचा लवलेश नव्हता. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, टपाल हाय, चुकायचंच, असं म्हणून पुन्हा डोळे मिटले असते. त्यांनी ओरडून विचारलं असतं तर मी बहुतेक खोटंच बोललो असतो. पण हा माणूस माझ्यावर विसंबून मुंबईत निवांत झोपत होता. मला ते सहन झालं नाही.

"आलं होतं," मी म्हणालो. "मागच्या आठवड्यात सोमवारीच आलं. तात्यांनी एक बाजार थांबवायला सांगितलं आणि मी थांबवलं. मला बारामतीला बदली पाहिजे होती."

तात्या खाली बघत होते. पानवाला माझ्याकडं बघत होता, आणि ते मला जास्त लागलं. कुणीतरी शिवी देईल म्हणून मी उभाच राहिलो. बोलला तो धोंडीबा. "मंग आता वाचा की," तो म्हणाला. "पर सावकाश वाचा. समजलं पायजे."

मी कार्ड काढलं आणि वाचलं. कायद्याची खबर संपली, रेघ आली, आणि मग गावची खबर. आठ दिवसांपूर्वीच्या मंगळवारची. ‘हे ऐकून धोंडीबा आज लवकर घरी गेला असेल. बायकोला म्हणाला असेल, दुसऱ्याच्या जमिनीत झाड कोण लावतो म्हणून आपण आजवर लावले नाही. आता बांधावर आंब्याची कोय लावू. बायको आधी हसली असेल, मग रडली असेल.’

रिवाजाप्रमाणे मी थांबलो. झालं की नाही झालं हे आता बाजारानं सांगायचं होतं.

"न्हाय झालं," धोंडीबा म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. लपवण्यासारखं माझ्याजवळ त्या दिवशी काही उरलंच नव्हतं.

आबा म्हणाले, "आता कायदा परत सांग."

धोंडीबानं घसा साफ केला. "तात्यांच्या जमिनीवरनं मला…"

"परत."

"मी कसतो त्या जमिनीवरनं मला कुणी उठवायचं न्हाय."

"तू," आबांनी पानवाल्याकडं बोट केलं. पानवाल्यानं सांगितलं. मग कुंभारानं. मग पैलवानानं, सगळ्यात मोठ्या आवाजात. पाचवं बोट आबांनी सावकाश वळवलं ते थोरल्या भावाकडं. आयुष्यात ते तात्यांपुढं कधी वर मान करून बोलले नव्हते. "तात्या, तुमी सांगा," ते म्हणाले, आणि हात जोडले.

तात्यांनी त्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. मग न बोलता निघून गेले. पण गुरुवारी तो कागद इंदापूरच्या कचेरीत गेला नाही. सगळ्या बाजारासमोर कायदा ऐकला होता, आता ठाऊक नव्हता म्हणायची सोय राहिली नव्हती.

त्याची किंमत सगळ्यांनी दिली. दोघे भाऊ वर्षभरात वाटण्या करून वेगळे झाले. कालव्याची बागायत तात्यांनी घेतली, आबांच्या वाट्याला भीमेच्या अंगाची कोरडवाहू जमीन आली. माझ्याकडचं पोस्टाचं काम गेलं, आणि बदलीचा अर्ज बोर्डात कुठं गेला ते मला कधीच कळलं नाही. शेवटी बायकोच मुलाला घेऊन गावी आली. तो पानवाल्याच्या मांडीवर वाढला. त्या पावसाळ्यात आबांच्या एका कार्डाच्या उत्तरात, आंब्याच्या कोयीपुढं, नव्या पोस्टमास्तरनं बाजाराच्या सांगण्यावरून ‘झालं’ असं लिहिलं.

मग महायुद्ध सुरू झालं. मंत्रिमंडळानं राजीनामे दिले, सभा बंद पडली, आबा आपल्या कोरडवाहू जमिनीवर झोपडी बांधून राहिले. अशाच एका दिवशी माझ्या हाती जुनी सरकारी पत्रकं आली. मी नियमांचा माणूस, ओळ न ओळ वाचली. कुळांचा कायदा सभेनं मंजूर केला होता हे खरं. पण तो आधी थोड्याच ठिकाणी लागू झाला होता. बाकीच्या ठिकाणी सरकार जाहीर करील तेव्हा. आमच्या तालुक्याचं नाव कुठंच नव्हतं. धोंडीबाला उठवायला तात्यांना त्या दिवशीही कुणाची आडकाठी नव्हती आणि आजही नव्हती. एव्हाना एखाद्या वकिलानं त्यांना हे सांगितलंही असेल. पण चिंचेखाली बसलेल्या प्रत्येकाला कायदा पाठ होता, आणि पाठ झालेला कायदा लागू नाही हे त्यांच्या गळी कोण उतरवणार?

मी उन्हातून चालत आबांकडं गेलो. ते बाभळीखाली बाजेवर पडले होते. मी पत्रकं पुढं केली. त्यांनी ती घेतली नाहीत.

"आबा, तो कायदा आपल्याकडं लागूच झालेला नाही."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"लिवलं तवापासनं," ते म्हणाले. लांब नदीच्या अंगाला धुळीचा लोट उठला होता, तो ते अर्ध्या डोळ्यांनी बघत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुणाला बोलला का?"

"नाही. आधी तुमच्याकडंच आलो."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. मी थोडा वेळ बसून राहिलो. झोप लागली असं वाटलं म्हणून उठलो.

परत येताना वाट धोंडीबाच्या शेतावरून होती. तो उसाला पाणी देत होता, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. माझ्या हातातले कागद बघून फावडं टेकून उभा राहिला.

"मास्तर, सरकारचं कागद दिसत्यात. आपला कायदा हाय न्हवं अजून?"

मी पत्रकांची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"आहे," मी म्हणालो.

"मग झालं," असं म्हणून त्यानं फावड्यानं माती ओढली आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं.